घोड्यापुढचं पळणं

वेल्स
११ मे १९९७

ती. भीमराजकाका यांना,
सविनय जयभीम.

तुमचं पत्र मिळालं. आई आता काठीशिवाय अंगणापर्यंत जाते हे वाचून जीव भांड्यात पडला.

इथल्या इस्पितळात नर्स म्हणून मला दोन वर्षं झाली. भाषा कळू लागली, हवा सोसू लागली, पण माणसं अजून पुरती उलगडत नाहीत. गेल्या आठवड्यात जे पाहिलं ते तुम्हाला कळवल्याशिवाय राहवेना.

आमच्या गावापासून बसनं दोन तासांवर समुद्रकाठी एक राष्ट्रीय उद्यान आहे. उद्यान म्हणजे बाग नव्हे. मैलोन्‌मैल उंच कडे, खाली समुद्र, आणि कड्याच्या अगदी काठावरून एका वेळी एकच माणूस जाईल एवढी पायवाट. वाटेला पिवळ्या फुलांची काटेरी झुडपं, त्यांत मेंढ्या, आणि खाली खडकांवर पोत्यासारखे पडलेले सील. या वाटेवर अकरा माणसं चार दिवस पळायला आली होती. एक दंतवैद्य, एक बँकेतला साहेब, दोन शिक्षिका, एक साठीची विधवा बाई, असे सगळे. शर्यत नव्हती. कुणाला बक्षीस नव्हतं. पैसे भरून, रजा काढून, एका जुन्या शेतघरात मुक्काम करून ही माणसं रोज दहा-बारा मैल पळत, आणि संध्याकाळी एकमेकांच्या तळपायांबद्दल तासन्‌तास बोलत. ग्वेन नावाच्या बाई त्यांना घेऊन जातात. त्या पूर्वी शाळेत खेळ शिकवत. पहिला कोण आला असं मी विचारलं, तर सगळे हसले. 'आम्ही सगळे मिळूनच आलो,' म्हणाले.

मी त्यांच्यासोबत होते ती नर्स म्हणून. कुणाचा पाय मुरगळला तर पट्टी बांधायला.

तुम्ही एवढं वाचता. पैसे देऊन दमायला जाणारी माणसं कुठल्या पुस्तकात भेटली का?

तुमची,
दीपा


खर्डा, ता. जामखेड
२६ मे १९९७

चि. दीपा हीस,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र तीनदा वाचलं. मग अब्राहाम सरांना वाचून दाखवलं. तीस वर्षं एका शाळेत शिकवून आम्ही एकाच साली निवृत्त झालो, आता चहाही एकाच टपरीवर घेतो. तो म्हणाला, "भीमराज, आपण जन्मभर एसटीमागं पळालो. आपल्याला कुणी जेवायला घातलं नाही."

मला मात्र प्रश्न पडले. वाट एकच आणि एका बाजूला समुद्र, तर मग वाट दाखवणारी बाई कशाला लागते? जो मागं राहतो त्याचं काय करतात? आणि जिंकायचं नसेल तर माणूस एकटा का पळत नाही, अकरा जण कशाला? ज्याचं पोट भरलेलं आहे तो घाम विकत घेतो, इथवर मला समजतं. पण तो घाम चारचौघांत का गाळतो, ते समजत नाही. सविस्तर लिही.

आणि आता एक गोष्ट, जी तुला पाठ आहे, पण मला लिहिल्याशिवाय करमणार नाही. मी आठ वर्षांचा होतो. मामलेदार घोड्यावरून खर्ड्याला यायचे. गावच्या शिवेपासून चावडीपर्यंत तुझा आजा कचरू, हातात घुंगरांची काठी घेऊन, घोड्यापुढं पळायचा. तराळकी म्हणत त्याला. ते आमच्या घराचं वतन होतं. घोडा दुडका तर बाप दुडका, घोडा चौखूर तर बाप चौखूर. घोड्याच्या तोंडचा फेस बापाच्या उघड्या पाठीवर उडालेला मी या डोळ्यांनी पाहिला. मग बाप चावडीबाहेर उन्हात बसून राहायचा. साहेबाचं जेवण झालं की उरलेलं त्याच्या ओंजळीत वरून पडायचं. छप्पन साली दीक्षा घेऊन आला आणि त्यानं ती काठी गुडघ्यावर मोडून चुलीत घातली. म्हणाला, "आता या घरात कुणी पळणार न्हाई."

हेच वाक्य मी तीस वर्षं सभांमधून सांगत आलो. याच वाक्यासाठी, तू नववीत पळण्याच्या शर्यतीत तालुक्याला पहिली आलीस तेव्हा जिल्ह्याच्या यादीतून तुझं नाव मी स्वतः काढलं, आणि पुन्हा पळणार नाहीस असा तुझ्याकडून शब्द घेतला. बाप नसलेल्या पोरीनं तो शब्द पाळला, याचा मला अभिमान आहे.

तुझा,
भीमराजकाका


वेल्स
८ जून १९९७

ती. काकांना,
सविनय जयभीम.

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य वाचून दोन दिवस पत्राला हात लावला नाही. आता खरं लिहिते.

मी नर्स म्हणून गेले नव्हते. सोबत फोटो आहे, त्यात सगळ्यांत पुढं मी आहे. गळ्यात लाल दोरीची शिट्टी आहे, पाठीवर औषधांची पिशवी आहे. मागं ओळीनं अकरा जण.

इथं आल्यावर पहिल्या हिवाळ्यात मला झोप येईना. एकदा कामावरून घरी येताना सहज पळत सुटले. चौदा वर्षांनी. नंतर रोज पळू लागले. ग्वेन त्याच रस्त्यानं पळायच्या, तिथून ओळख झाली. त्यांच्या जोडीला असणाऱ्या माणसाचा पाय मोडला, म्हणून मे महिन्यात त्यांनी मला बोलावलं. आता त्या म्हणतात, पुढच्या वसंतापासून दर महिन्याला एक तुकडी तू घेऊन जा. इस्पितळातलं काम अर्धवेळ करता येईल. सप्टेंबरअखेर उत्तर हवंय.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं देते. वाट एकच नाही. भरती आली की खालची वाट बुडते, धुकं आलं की कड्याची कड दिसत नाही. म्हणून वाट दाखवणारी लागते. मागं कुणी राहत नाही, कारण सगळ्यांत शेवटी आमच्यातला दुसरा माणूस असतो, त्याच्या मागं कुणी पडायचं नाही. त्यानं दोनदा शिट्टी वाजवली की पुढचीनं पाय आवरायचा. म्हणजे पळते मी पुढं, पण वेग ठरतो सगळ्यांत हळू माणसावरून. आणि अकरा जण का, ते मलाही अजून नीट समजलेलं नाही. एकटी पळते तेव्हा माझ्याच मनातलं ऐकू येतं. अकरा जणांत दुसऱ्यांचे पाय ऐकू येतात. ते बरं वाटतं, एवढंच ठाऊक आहे.

शब्द मी तुम्हाला दिला होता आणि तो मोडला. आता मोडून राहायचं नाही. काका, मी परवानगी मागत नाही, माझा शब्द परत मागते.

दीपा


खर्डा
२० जून १९९७

दीपा,

फोटो पाहिला. तुझ्या आईला दाखवला नाही.

तू पुढं, गोरी माणसं मागं. तुझ्या पाठीवर ओझं, त्यांचे हात मोकळे. त्यांचा जीव जाऊ नये म्हणून तू आधी त्या कड्यावर पाय ठेवायचा. हे चित्र मी कुठं पाहिलं आहे ते मला कुणी सांगायला नको. इतिहासाची एवढी पानं मी उलटली. प्रत्येक पानावर कुणीतरी कुणापुढं पळतंय, आणि प्रत्येक काळात त्या पळण्याला एक गोड नाव दिलेलं आहे. कधी वतन, कधी सेवा, कधी मान. आता म्हणे वाट दाखवणं. फरक एवढाच की साहेब घोड्यावरून उतरला आहे.

ज्या पायांना आम्ही वेठीतून सोडवलं, शाळेत घातलं, विमानात बसवलं, ते पाय सात समुद्र ओलांडून पुन्हा घोड्यापुढंच जाऊन उभे राहिले. आणि हे तू दोन वर्षं लपवलंस. तुझा आजा काठी मोडू शकला, कारण त्याला ती काठी दिसत होती. तुला शिट्टी दिसत नाही.

शब्द परत मिळणार नाही. ते काम घेणार असशील तर मला पत्र लिहू नकोस.

भीमराज


वेल्स
२ जुलै १९९७

ती. काकांना,
सविनय जयभीम.

ग्वेनबाईंना काल नकार कळवला. पळणंही बंद केलं आहे. त्या म्हणाल्या, सप्टेंबरअखेरपर्यंत जागा तशीच ठेवते. मी म्हटलं, ठेवू नका. तेव्हा हे पत्र लिहिण्याची मुभा मला आहे असं समजते.

तुम्ही जिंकलात, वाद नाही. पण तीस वर्षं तुम्ही ज्या पळण्यावर बोललात, त्याबद्दल मला काही विचारायचं आहे. आता मला त्यातलं थोडं कळतं. आजोबा पळताना श्वास कसा घ्यायचे? नाकानं की तोंडानं? पायांत काय असायचं? पळण्याआधी खायचे का, आणि काय? घोड्यापुढं पळताना मागं वळून पाहता येत नाही, मग घोडा किती जवळ आलाय ते त्यांना कशावरून समजायचं? चढावर घोडा दमतो, माणूस तितका दमत नाही. मग चढावर ते पुढं निघून जायचे का, की मुद्दाम हळू व्हायचे?

हे टोचायला विचारत नाही. खरंच जाणून घ्यायचं आहे. तुमच्या भाषणात फेस आहे, काठी आहे, ओंजळ आहे. पळणारा माणूस मला त्यात कधी दिसला नाही.

आईला नमस्कार.

दीपा


पुणतांबा
९ ऑगस्ट १९९७

चि. दीपा हीस,
सप्रेम जयभीम.

उत्तराला महिना लागला. कारण मला उत्तर येत नव्हतं.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी लिहायला बसलो. पहिलं वाक्य लिहिलं, 'तुझा आजा श्वास' आणि थांबलो. तीन पानं फाडली. ज्या पळण्यावर मी हजार सभांत बोललो असेन, त्यात माणूस श्वास कसा घेतो हे मला ठाऊक नाही. बापाला जाऊन वीस वर्षं झाली, आता विचारणार कुणाला? खर्ड्यातल्या दोघा-तिघा म्हाताऱ्यांना विचारलं. एक म्हणाला, "पळायचं म्हंजे पळायचं, त्यात काय शिकायचं?" मग गोजरबाई आत्याची आठवण झाली. बापाची धाकटी बहीण. तू तिला लहानपणी एकदाच पाहिलं असशील. तिला इथं पुणतांब्याला दिलेली. सत्त्याहत्तर वर्षांची आहे, डोळा एकच चालतो, जीभ मात्र दोन माणसांची.

परवा एसटीनं आलो. आत्या ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. चहा झाला, खुशाली झाली. मी विचारलं, "आत्या, दादा पळताना श्वास कसा घ्यायचे?"

ती मान वर न करता म्हणाली, "कोन्तं पळनं? घोड्याम्होरलं का जामखेडाचं?"

पळणी दोन आहेत हेच मला माहीत नव्हतं.

"घोड्याम्होरलं त्येचं," ती म्हणाली. "त्येचं मला ठाव न्हाई. जामखेडाचं माजं."

दीपा, मी हातातली कपबशी खाली ठेवली. पुढं ती जे बोलली ते मी तिथंच वहीत उतरवून घेतलं, तिच्याच शब्दांत पाठवतो.

"कचरूला हिवताप हुता. दर दोन-चार म्हयन्यांनी आडवा पडायचा. पाटलाचा कागद दोपारच्या आत जामखेडाला कचेरीत पोचवायचा. मानूस आजारी हाय म्हून हुकूम थांबतो व्हय? आईनं त्येचं धोतर मला नेसवलं, डोक्याला पटका बांधला. म्हनली, खाली बघून जा, कुनी हटकलं तर बोलू नगं. तवा मी चवदा वर्साची. दोन सालं केलं. लगीन झालं अन सुटलं."

"खर्डा ते जामखेड? सहा-सात कोस आहे."

"मोजायला तू आलता का? एका झाडापस्नं म्होरल्या झाडापोतर. त्येच्याम्होरं बघायचंच न्हाई."

"आणि श्वास?"

"वव्या म्हनायच्या. जात्यावरल्या. मनात न्हाई, तोंडानं. ववी तुटली की समजायचं पाय लई झाला, आवरायचा. ववी सुटी निघाली की वाढवायचा. चढाला बारकी ववी, सपाटीला लांब."

पायांत काही नसायचं. तळव्याला आदल्या दिवशी एरंडेल चोळायचं. निघताना खायचं नाही, फडक्यात अर्धी भाकरी बांधून न्यायची आणि परतताना, खर्ड्याचा किल्ला दिसू लागला की, एका चिंचेखाली खायची. कागद काठीच्या टोकाला बांधलेला. कचेरीत पोचलं की काठी लांबून पुढं करायची, म्हणजे कारकुनाला हिचा हात लागायला नको.

मी विचारलं, "वाईट वाटायचं का आत्या?"

"काठी म्होरं करताना वाटायचं. लई वाटायचं. पळताना न्हाई. पळताना कोन हुतं तितं? मी अन रान."

"मग इतक्या वर्षांत हे सांगितलं का नाहीस?"

"तू कदी इचारलं? तू येतो, भाषन करतो, चा पितो, जातो."

  मग मी तुझं सगळं सांगितलं. फोटो बरोबर आणला होता तो दाखवला. तिनं तो एका डोळ्याजवळ धरून बराच वेळ पाहिला. म्हणाली, "काठी मोडली ते कचरूनं झ्याक केलं. आता, पाय बांधून ठिवा असं त्यो कवा म्हनला, ते मला ठाव न्हाई. त्यो म्हनला आसंल. बाप्यांचं काय, रागात म्हनत्यात." थोड्या वेळानं म्हणाली, "ती पोरगी तितं जेवाय कुटं बसती? आदी बसती का मागून? अन ताट कोन वाढतं? एवडं इचार. बाकी तुजं मला कळत न्हाई."

तिचा प्रश्न माझ्या सगळ्या प्रश्नांपेक्षा नेमका आहे. खरं उत्तर दे.

भीमराजकाका


वेल्स
२० ऑगस्ट १९९७

ती. काकांना आणि गोजरबाई आजीला,
सविनय जयभीम.

पत्र वाचलं आणि इस्पितळाच्या मागच्या पायरीवर जाऊन बसले. ज्या घरात कुणी पळायचं नाही म्हणून मी नववीत शाळेचे पळायचे बूट परत केले, त्या घरात माझ्याच तेव्हाच्या वयाची पोर जामखेडपर्यंत पळत होती.

आजी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. शेतघरात एकच लांब टेबल आहे. सगळे त्यावरच जेवतात. मी सगळ्यांत शेवटी बसते. काका, इथं थांबू नका, पुढं वाचा. शेवटी बसते, कारण जो सगळ्यांत मागं असतो तो येऊन पोचेपर्यंत ग्वेन किंवा मी, जी त्या दिवशी पुढं असेल ती, फाटकाशी उभी असते. तोवर ताट झाकून ठेवलेलं असतं. पहिल्या संध्याकाळी बँकेतल्या साहेबांनी माझं सूप गरम करून आणलं आणि थोडं माझ्या बाहीवर सांडलं. जागा ठरलेली नसते. भांडी पाळीपाळीनं घासतात, माझी पाळी दुसऱ्या दिवशी होती.

हे झालं चांगलं. आता जे जूनमध्ये लिहिलं नाही ते लिहिते.

पहिल्या दिवशी पळून आल्यावर दंतवैद्यानं चिखलानं भरलेले बूट काढले आणि माझ्या हातात दिले. रागानं नाही, सहज. मी या घरातली कामवाली असणार असं त्यानं न बघताच धरलं होतं. सकाळभर माझ्यामागं दहा मैल पळाला होता, तरीसुद्धा. बूट माझ्या हातात होते, काका, आणि मला आजोबांची ओंजळ आठवली. मग मी बूट त्याच्या हातात परत दिले. म्हटलं, "नळ बाहेर डाव्या हाताला आहे." तो लाल झाला. बूट त्यानं धुतले. रात्रीच्या जेवणाला माझ्यासमोर येऊन बसला. दुसऱ्या दिवशी खाली उतरायची वाट निसरडी होती. तो चार वेळा विचारत राहिला, पाय कुठं ठेवू. मी सांगितलं, त्यानं ठेवला.

हे तेव्हा लिहिलं असतं तर तुम्ही जिंकला असता, म्हणून लपवलं. आता लिहिते, कारण आजीनं विचारलं.

तुमचं सगळंच चूक नाही. घोडा अजून कुठं कुठं आहे. पण तो दिसला की त्याच्यापुढं पळायचं की त्याला नळ दाखवायचा, हे मला ठरवता येतं. आजीला ते ठरवता येत नव्हतं.

आणि ओव्या. पळणं बंदच आहे, पण परवा वॉर्डाचा जिना चढताना आईची एक ओवी म्हणून पाहिली. तिसऱ्या मजल्यावर तुटली.

दीपा


खर्डा
३ सप्टेंबर १९९७

चि. दीपा हीस,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र अठ्ठावीस तारखेला आलं. त्याआधीच आत्याला मी खर्ड्याला घेऊन आलो होतो. जामखेडची वाट एकदा बघायची म्हणून तिनं हट्ट धरला. पत्र तिला वाचून दाखवलं. बुटांपाशी ती म्हणाली, "थांब. पुन्यांदा वाच." नळापाशी आल्यावर हसली, आणि मग बराच वेळ पदरानं चांगला डोळा पुसत बसली. काय मनात आलं ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं, आता विचारीन.

आधी कामाचं. तुझा शब्द मी तुला परत करतो आहे. मोठेपणा म्हणून नाही. तो शब्द मी चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीकडून घेतला, आणि घेताना ज्या पळण्याचं नाव सांगितलं ते मला माहीतसुद्धा नव्हतं. बापाच्या पाठीवरचा फेस मी पाहिला होता, तेवढ्यावर घरातल्या सगळ्या पायांचा निकाल लावून टाकला. माझ्या घरात दोन माणसं पळत होती, त्यातली एक बाई होती, आणि व्यासपीठावरून मी तिचं नाव एकदाही घेतलं नाही. माणसाला वेठीतून सोडवताना त्याच्याजवळ वेठीशिवाय आणखी काय काय होतं हे विचारायला हवं, एवढी साधी गोष्ट मला साठाव्या वर्षी उमगते आहे.

घोड्याबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. पुढच्या महिन्यात सभा आहे, तिथं मी तितक्याच जोरात बोलणार. फक्त आता दोन्ही पळणी सांगीन. आत्याला म्हटलं, व्यासपीठावर चल. म्हणाली, "मी कशाला? तूच नीट सांग. अन चिचंचं इसरू नगं."

आता दुसरी गोष्ट, जी अब्राहामशिवाय मी कुणाला सांगितलेली नाही, पण एव्हाना सगळ्या खर्ड्याला माहीत झाली आहे.

रविवारी सकाळी आत्याला रिक्षात घालून किल्ल्यापुढं जामखेड रस्त्याला नेलं. चिंच आता नाही, तिथं पेट्रोलपंप आहे. आत्यानं पुलाच्या कठड्यावर बैठक मारली आणि म्हणाली, "त्या लिंबापोतर पळून दाव." मी म्हटलं, आत्या, मी निवृत्त माणूस. ती म्हणाली, "श्वासाचं इचारीत हुता न्हवं? पुस्तकात गावायचं न्हाई त्ये."

धोतर खोचलं आणि निघालो. ओवी मला एकही येत नाही. जे तोंडपाठ होतं तेच म्हणायला लागलो, माझं भाषण. 'हजारो वर्षांच्या दास्याच्या शृंखला तोडून स्वाभिमानाच्या सूर्याकडे झेपावणाऱ्या ज्या समाजानं' इथं श्वास संपला. क्रियापद अजून चाळीस पावलं लांब होतं. रस्त्याच्या कडेला कमरेवर हात ठेवून उभा राहिलो.

मागून आत्या ओरडली, "वाक्य लई लांब हाय तुजं. मानूस मरंल त्यात."

तेवढ्यात काकासाहेब लूनावरून आला, तोच, ज्याला मी दोनदा नववीत बसवला. घाईनं गाडी थांबवून म्हणाला, "गुरुजी, कोण गेलं?"

"कुणी नाही."

"मग पळताय कामून?"

"बघतोय."

तो पुढं गेला, शंभर पावलांवर वळला, पुन्हा माझ्याकडं पाहून घेतलं आणि मग गेला. अर्ध्या तासात माझ्या घरी चार माणसं चौकशीला येऊन गेली. तुझ्या आईनं सगळ्यांना चहा दिला आणि एकालाही खरं सांगितलं नाही.

मी पुन्हा निघालो. या वेळी लहान वाक्यं घेतली. 'बाप पळाला. आत्या पळाली. काठी मोडली.' दोन शब्द आत, दोन शब्द बाहेर असं जमलं. लिंबापर्यंत पोचलो. डोळ्यांपुढं अंधारी आली होती, पण कडूलिंबाला हात लावून उभा राहिलो तेव्हा कानात एकही भाषण नव्हतं. आत्याकडं परत चालत आलो. तिनं माझे तळवे पाहायला मागितले आणि म्हणाली, "मऊ हायती. मास्तराचे हायती."

कालही गेलो, आजही. आता आत्या पुलावर न बसता पंपापाशी बसते, तिथं सावली आहे आणि पोरं तिला चहा देतात. अब्राहाम माझ्या मागं सायकलवरून येतो. म्हणतो, मी सगळ्यांत शेवटचा माणूस, माझ्या मागं पडायचं नाही.

ग्वेनबाईंना लगेच कळव, हे पत्र पोचेपर्यंत महिना निम्मा सरलेला असेल. आणि त्यांना माझ्यातर्फे एवढं विचार: सपाटीवर आता मला त्रास नाही, चढावर लहान वाक्यं पुरतात, पण किल्ल्याकडून खाली येताना दोन्ही गुडघ्यांच्या पुढच्या बाजूला कळ येते. पाय टाकताना टाच आधी टेकवायची की चवडा? आत्या म्हणते चवडा. तुम्ही तिकडं काय शिकवता ते सविस्तर लिही.

तुझा,
भीमराजकाका